वस्ताद, पाय न चोळल्याबद्दल आभार

आदरणीय वस्तादकाका,
सा. न.

मंगळवार पेठेत मुरगळा, लचक, उसण काहीही झालं की आधी तालमीत आणि मग दवाखान्यात, ही रीतच आहे. त्यामुळं अप्पांचा उजवा पाय त्या रात्री एकाएकी ठणकायला लागल्यावर तुम्हाला बोलावलं, यात नवल नव्हतं. अ‍ॅटॅक येऊन, अँजिओप्लास्टी होऊन ते नुकतेच घरी आले होते. झोपून झोपून शीर आखडली असणार, असं सगळ्यांचं मत. शेजारच्या मावशींनी तर शेकायला मिठाची पुरचुंडी तव्यावर ठेवलीसुद्धा होती.

तुम्ही तेलाची बाटली उघडलीच नाही. दोन्ही पावलांवर हात ठेवून गारवा पाहिलात, पावलावर आणि घोट्यामागं बोटं दाबून नाडी शोधलीत. "चोळायचं न्हाई, शेकायचंबी न्हाई. ह्या पायात रगातच न्हाई. आत्ताच्या आत्ता हलवा." मावशी रागावल्या, तुम्ही रिक्षा बघायला गेलात.

तुम्ही नेमकं काय ओळखलंत, ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मोठ्या अ‍ॅटॅकनंतर हृदयाची भिंत जिथं दुबळी होते, तिथं रक्त साकळून गुठळी धरू शकते, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. तिचा तुकडा सुटून मेंदूत जाईल, आतड्यात जाईल, नाहीतर पायात. अप्पांच्या जांघेतल्या धमनीत अडकला. पाय पांढरा, गार, बधिर. अशा वेळी हाताशी साधारण सहा तास असतात, पुढं स्नायू मरायला लागतात. चोळण्यात ते तास गेले असते आणि शेकानं बधिर कातडी भाजली असती, ती वेगळीच.

जांघेत छोटी चीर देऊन बारीक नळी गुठळीच्या पलीकडं सरकवली, टोकाचा फुगा फुगवला आणि गुठळी मागं ओढून काढली. अमेरिकेतल्या डॉ. थॉमस फोगार्टींनी १९६३ मध्ये मांडलेली ही युक्ती. त्यांनाही नमस्कार, पण ते काही मंगळवार पेठेत नव्हते.

अप्पा आता घरात फिरतात. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू आहे, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, २ ते ३ मध्ये राखायचा, म्हणून वरचेवर रक्त तपासणी. तांबडा रस्सा सध्या बंद, त्यावरून घरात रोज भांडण.

पैसे विचारले तर म्हणालात, "हात लावला न्हाई, कशाचं घेऊ?" बरं, नका घेऊ. पण पावलावरची ती नाडी कुठं लागते, हे तालमीतल्या पोरांना एकदा दाखवा.

तुमची,
अप्पांची थोरली