आवाजाच्या आधीचं शिकवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गायनसमूहात आलेल्या प्रत्येकाचा गळा चांगलाच होता. तरी एकत्र गायलो की सगळं गढूळ ऐकू यायचं. असं का होतं, ते तुम्ही ज्या चिकाटीने उलगडून दाखवलंत, त्यासाठी हे जाहीर आभार.

सुरुवात व्यंजनांपासून झाली. 'स' किंवा 'श'ने सुरू होणारा शब्द आला की आमचा सिसकारा समेच्या आगेमागे विखरायचा. तुम्ही सांगितलंत, मात्रेवर पडायला हवा तो 'आ' किंवा 'ए'. 'स' त्याच्या आधीच उरकलेला हवा. मग अख्खा अंतरा नुसत्या आकार-एकारात गाऊन घेतलात आणि त्यानंतर एकेक व्यंजन परत जोडत गेलात. त्या तालमीत जेमतेम दोन ओळी झाल्या, पण त्या दोन ओळींतले शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचले.

तुमच्या हाताचंही तसंच. पहिली मात्रा देण्याआधी हात वर नेताना तुम्ही स्वतः श्वास घेता. त्या एका उचलण्यात लय किती, आवाज किती, सूर अलगद ठेवायचा की ठासून, सगळं येऊन जातं. हात खाली येतो तेव्हा सांगायचं काही शिल्लक नसतं. मोठ्या वाद्यवृंदात तर याला पर्यायच नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटर अंतरावरच्या वादकाचा सूर आपल्यापर्यंत यायला जवळपास ३० मिलिसेकंद लागतात. मागच्यांनी नुसतं कानावर विसंबून वाजवलं तर ते मागेच पडणार. न्यूयॉर्कच्या ऑर्फिअस चेंबर ऑर्केस्ट्रात १९७२ पासून हाताने इशारे देणारा कंडक्टर नाही, पण हे काम तिथेही चुकलेलं नाही. ते वादक एकमेकांच्या श्वासावर आणि गजाच्या हालचालीवर नजर ठेवून करतात.

सर्वांत जास्त ऋण आहे ते गप्प राहण्याच्या सरावाचं. गाता गाता तुम्ही मूठ मिटायचात. आम्ही आवाज थांबवायचा, गाणं मात्र मनात चालू ठेवायचं, आणि मूठ उघडली की असू तिथून सगळ्यांनी एकदम उचलायचं. पहिल्या दिवशी जितके गळे तितक्या लयी निघाल्या! हळूहळू त्या जुळल्या. पुढे लय जुळली तरी सूर उतरलेला असायचा, कारण मनातल्या मनात आम्ही शब्द म्हणत होतो, सूर लावत नव्हतो. हा फरक तुम्ही नुसत्या आमच्या चेहऱ्यांवरून ओळखायचात. कसा, ते मला अजून उमगलेलं नाही. माझ्या मते गायकाची तयारी तानांपेक्षा इथे कळते.

गंधाराचा तासही आठवतो. अर्ध्यांनी षड्ज धरायचा, बाकीच्यांनी गंधार. पियानोवरचा गंधार षड्जाशी तंतोतंत जुळणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, म्हणून तुम्ही पियानो बंद केलात आणि तो सूर किंचित खाली घ्यायला लावलात. दोन सुरांमधली थरथर मंदावत गेली आणि एका क्षणी थांबली. तेव्हा कोणीही जोर लावलेला नव्हता, तरी खोली भरून गेली होती.

बँड करणाऱ्या पोरांनाही तुम्ही वेळ दिलात. अमेरिकेतले जॅझ वादक काउंट बेसी यांच्या बँडचं ध्वनिमुद्रण लावून 'यातली फक्त गिटार शोधा,' म्हणालात. १९३७ पासून तिथे गिटार वाजवणारे फ्रेडी ग्रीन सोलोच्या वाटेला फारसे जातच नसत. मात्रेमात्रेला एक हलका आघात, बेस आणि ड्रम्समध्ये मिसळलेला. तो सापडायला पोरांना बराच वेळ लागला. सापडल्यावर आमच्या गिटारवाल्याने आपणहून आवाज कमी केला आणि ड्रमरकडे बघून वाजवू लागला. गायिकेला आता ओरडावं लागत नाही.

हल्ली नवीन आलेल्यांची तालीम मी घेते. मूठ मिटण्याचा सराव त्यांनाही देते. गेल्या आठवड्यात त्यांनी आठ मात्रांची शांतता पार करून अचूक सुरावर उचललं. त्याचे आभारही तुमच्याकडेच पोचवायचे होते.

तुमची,
आल्टोच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांच्या, रांगेतली एक गायिका