मोहाच्या दिवसांत अस्वलाची गोष्ट

मूल तालुका, जि. चंद्रपूर
२८ मार्च

प्रिय दोस्ता,

पोरांना भेव वाटंल अशी गोष्ट सांगू नको, म्हणाला होतास. नाही ऐकलं तुझं. चौथीला मी १९६७ सालातली अस्वलांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत माँटानात ग्लेशियर नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९१० सालचं. सत्तावन्न वर्षांत तिथं अस्वलानं माणूस मारला नव्हता. आणि १३ ऑगस्टच्या एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन अस्वलांनी एकोणीस वर्षांच्या दोन पोरी मारल्या. मी त्यात एक मनातला पोरगा घुसडला, तंबूत झोपलेला. तो वाचतो. साल खरं, पोरगा खोटा. खऱ्या घटनेवर लिहिलेल्या बालकादंबऱ्यांची रीतच ती.

वर्ग चिडीचूप. जमलं म्हणता म्हणता मागची एक पोरगी उठली. "सर, तिथं मोह नाही, मंग अस्वल आलं कायले?"

मग सांगावं लागलं. तिथल्या विश्रामगृहामागं उष्टं-खरकटं टाकायचे, अन् ते खायला आलेली अस्वलं पाहुणे रात्री मजेनं पाहत बसायचे. "मंग त्यायनंच बलावलं न जी!" ती म्हणाली. तुझ्या-माझ्यासारख्याला हे सांगायला चार पानं लागली असती.

तिच्या बोटांना सकाळच्या मोहफुलांचा चिकट वास होता. म्हणाली, आमच्या आज्याचा एक डोळा अस्वलानंच नेला.

संध्याकाळी गेलो त्यांच्या घरी. आजा तेव्हा दहाएक वर्षांचा. साल त्याला सांगता येत नाही, 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आंदी' एवढंच. झुंजूमुंजू असताना मोहाखाली वाकला, अन् पलीकडं अस्वलही तेच खात होतं. अस्वल तोंडावर येते हे बापानं सांगितलेलं, म्हणून टोपलं डोक्यावर पालथं घालून हा उकिडवा बसला. बांबूच्या कामट्यांतून एक नख आत आलं तेवढंच. "डोळ्याचं जाऊ दे," आजा म्हणाला, "टोपलंभर फुलं सांडली न बा!"

आता माझा तंबूतला पोरगा मला अगदीच पुळचट वाटतो. या टोपल्यातल्या पोराची गोष्ट तू लिही. मला जमायची नाही, मी त्याला लगेच शूर करून टाकीन.

फुलं गळतात तोवर ये. पहाटे मात्र एकटा मोहाखाली जाऊ नको. आजा अजूनही आधी डबा बडवतो, मग वाकतो.

तुझा,
मास्तर