गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशननंतरचे दिवस : आई-बाबांना पत्र

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू म्हणालीस की पोटावर चार बारीक टाके आहेत, त्यासाठी एवढे काय जपायचे. त्या बोलण्यानेच मला हे पत्र सविस्तर लिहावेसे वाटले. बाबा जवळ बसलेले असले की अंगावरून जाण्याच्या गोष्टी तू टाळतेस, आणि घरात दिवसभर तुझ्याजवळ तेच असतात. म्हणून हे पत्र दोघांनीही पूर्ण वाचावे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटावर मोठा छेद घ्यावा लागत नाही, त्यामुळे दुखणे कमी असते आणि माणूस लवकर घरी येतो, हे खरे आहे. पण आतले काम पोट उघडून केलेल्या ऑपरेशनइतकेच मोठे असते. गर्भपिशवीला धरून ठेवणारे बंध कापलेले आहेत, तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद केल्या आहेत आणि पिशवी काढल्यावर योनीमार्गाचे वरचे टोक टाके घालून शिवलेले आहे. ते टोक भरून यायला काही आठवडे जातात, आणि जड उचलताना, कुंथताना किंवा जोराने खोकताना पोटातला दाब नेमका तिथेच पडतो. ते टाके उसवणे क्वचितच घडते, पण घडले तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. म्हणून निदान सहा आठवडे भरलेली कळशी, धुण्याची बादली आणि तांदळाचा डबा तू उचलायचा नाहीस. १५ लिटरची बादली भरली म्हणजे १५ किलो वजन झाले. भरलेला सिलिंडर तर ३० किलोच्या आसपास जातो. तो सरकवायलाही हात लावू नकोस.

मला खरी काळजी चटणीची वाटते. उन्हाळा आहे, गच्चीवर मिरच्या वाळत असतील आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या गिरणीवर, नेण्याआधी चटणीचा मसाला आपल्याच हाताने भाजायचा हा तुझा आग्रह मला ठाऊक आहे. मिरची भाजताना जो ठसका उठतो, तो आत्ता तुझ्या पोटाला अजिबात परवडणारा नाही. यंदा मावशीकडून चटणी करून घ्यावी, किंवा दीड-दोन महिने विकतची वापरावी. जोतिबाच्या यात्रेला जाणारे पाहुणे घरी उतरतील, त्यांचे चहापाणी बाबांनी आणि वहिनीने बघावे. पाहुण्यांना तू झोपलेली दिसलीस तर त्यात काहीही कमीपणा नाही. खोकला किंवा शिंक आलीच तर पोटावर उशी दाबून धर, आणि अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठ. जमिनीवर बसून भाकऱ्या थापणे सध्या बंदच ठेव.

बाबा, आईचा खांदा दुखतो म्हणून तुम्ही घाबरला होता. ऑपरेशन करताना पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला थोडा आत राहतो, श्वासपटलाला टोचतो आणि दुखणे खांद्याच्या वरच्या भागात जाणवते. उठून बसल्यावर ते वाढते, आडवे झाल्यावर कमी होते, आणि काही दिवसांत शरीर तो वायू शोषून घेते. मात्र छातीत दुखू लागले, दम लागला किंवा दरदरून घाम फुटला तर ते गॅसचे दुखणे समजून थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.

जपणे म्हणजे पडून राहणे असा अर्थ मात्र घेऊ नका. पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दर तास-दोन तासांनी घरातल्या घरात चार पावले चालायला हवे, आणि पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवायला हवीत. ऊन उतरल्यावर अंगणात फेरी मारावी आणि ती हळूहळू वाढवावी. रंकाळ्याची पूर्ण फेरी आणि अंबाबाईच्या दर्शनाची रांग सध्या लांबच ठेवावी. दवाखान्यात जाताना स्कूटरवर मागे बसण्यापेक्षा रिक्षा करा. गतिरोधकांचे धक्के आत्ता नकोत.

दुखणे अंगावर काढून गोळ्या टाळू नकोस, कारण दुखत असले की माणूस चालत नाही आणि खोल श्वासही घेत नाही. पण सर्दी-अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा ते दुप्पट पोटात जाऊ नये म्हणून डॉक्टरांना न विचारता दुसरी गोळी घेऊ नकोस. या दिवसांत बद्धकोष्ठ बऱ्याचदा होते. ताक, पपई, पालेभाजी आणि भरपूर पाणी घ्यावे, आणि डॉक्टरांनी दिलेले पातळ औषध रात्री न चुकता घ्यावे. तांबडा रस्सा पोट पूर्ववत होईपर्यंत थांबू शकतो.

अंघोळ चालेल असे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. टाक्यांवर आणि बेंबीत ओल राहू न देता मऊ फडक्याने टिपून घ्यावे. हळद, तेल किंवा शेक यांतले काही तिथे नको. थोडे लालसर-तपकिरी स्राव काही आठवडे जातात, आणि विरघळणाऱ्या टाक्यांचा एखादा दोरा पडला तरी घाबरू नये. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर योनीमार्गाविषयी जे निर्बंध लिहिले आहेत, ते डॉक्टर तपासून परवानगी देईपर्यंत दोघांनीही तंतोतंत पाळावेत.

आता बाबांसाठी सर्वांत महत्त्वाचे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणे एकंदरीत कमी होत जायला हवे. ते उलट वाढू लागले, पोट फुगले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तासाभरात पॅड भिजले, स्रावाला दुर्गंधी आली, लघवी अडली, जळजळली किंवा आपोआप झिरपत राहिली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तरीही तसेच करा. आई सहन करते, सांगत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ तुम्ही स्वतः विचारावे आणि तापमान वहीत लिहून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

थकवा बराच काळ राहील, आणि कधी विनाकारण रडू येईल; आई, ते मला फोन करून सांग, रात्री उशीर झाला असला तरी चालेल. काढलेली पिशवी तपासणीला गेली आहे. तिचा अहवाल पुढच्या भेटीआधी बाबांनी घेऊन ठेवावा आणि त्याचा फोटो मला पाठवावा; त्या भेटीला मी कोल्हापुरात येणारच आहे.

तुमची लेक