वेग मोजला, पण कोणत्या क्षणी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील संगणकभाषांवरील लेखात एकच छोटा प्रोग्रॅम सी++ आणि जावात चालवून, जावाला जास्त वेळ लागला म्हणून ती भाषाच संथ ठरवली आहे. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. सी++चा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, आपले काम प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच उरकतो आणि त्याचा वेळ कोणी मोजत नाही. जावात मात्र बाइटकोड (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेच्या अलीकडचे मधले रूप) आधी एकेक सूचना वाचत चालवला जातो, कोणती फंक्शन्स (प्रोग्रॅममधली ठरावीक कामांची तुकडी) वारंवार लागतात याची नोंद होते आणि मग तेवढ्यांचेच, प्रोग्रॅम चालू असतानाच, यंत्रभाषेत रूपांतर होते. अर्ध्या सेकंदात संपणाऱ्या प्रोग्रॅमला या खटाटोपाचा खर्च तेवढा सोसावा लागतो. फायदा पदरात पडायच्या आत तो संपलेला असतो.

तासन् तास चालणाऱ्या सर्व्हरवर चित्र बदलते. फंक्शनला घातलेली एखादी हाक अनेक क्लासेसपैकी (प्रोग्रॅमचे घटक) कुठेही जाऊ शकत असली, तरी प्रत्यक्षात ती एकाच ठिकाणी जाते हे जेआयटी (जस्ट-इन-टाइम), म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच रूपांतर करणाऱ्या कंपायलरला नोंदींवरून दिसते. तो त्या फंक्शनचा मजकूर जागीच उतरवून घेतो आणि अंदाज पुढे चुकला तर ते रूपांतर रद्द करून मागे येतो. आधीच काम संपवणाऱ्या कंपायलरला अशी माघार घेता येत नाही. अर्थात या सोयीसाठी जास्त मेमरी खर्चावी लागते आणि मेमरीची मांडणी स्वतः ठरवण्याची सी++ची मुभा जावात नाही, हेही खरे. मात्र गार्बेज कलेक्शनचा (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करण्याचा) विलंब लेखकाने जेआयटीच्या खात्यावर टाकला आहे, ते सरळ चुकीचे आहे. गो ही भाषा आधीच कंपाइल होते, तरी तिच्यात गार्बेज कलेक्शन आहेच.

अँड्रॉइडने हे दोन्ही मार्ग चोखाळले आहेत. २०१०च्या २.२ आवृत्तीत जेआयटी आले, २०१४च्या ५.० आवृत्तीत ते काढून अ‍ॅप इन्स्टॉल होतानाच पूर्ण रूपांतर सुरू झाले. त्यामुळे इन्स्टॉल रेंगाळू लागले, जागा जास्त लागू लागली आणि सिस्टीम अपडेटनंतर ‘अ‍ॅप्स ऑप्टिमाइझ होत आहेत’ हे वाचत बसणे वापरकर्त्यांच्या नशिबी आले. २०१६च्या ७.० आवृत्तीत जेआयटी परतले, आणि वारंवार लागणाऱ्या भागाचे पक्के रूपांतर फोन चार्जिंगला लावून निवांत पडलेला असताना होऊ लागले.

पुढील तुलनेत पहिल्या फेरीचा वेळ, प्रोग्रॅम स्थिरावल्यानंतरचा वेळ आणि लागलेली मेमरी हे तिन्ही आकडे वेगवेगळे छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे