पोगरवाडीला येताना

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

१७ नोव्हेंबरला तुमचा पुण्याचा बुलेटवाल्यांचा ग्रुप कर्नल संतोष महाडिकांना अभिवादन करायला त्यांच्या गावी, पोगरवाडीला येतोय, हे तुझ्या फोनवरून कळलं. ऐकून ऊर भरून आला. आयोजनाचा भार तुझ्यावर आहे, म्हणून चार गोष्टी लिहून पाठवतो. फोनवर त्या राहूनच जातात.

निघण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून तो माणूस कोण होता, ते नीट सांग. फलकावर नुसतं 'शहीद' लिहून भागत नाही. आपल्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा हा विद्यार्थी. ती शाळा १९६१ची, देशातली पहिली सैनिकी शाळा. पुढे २१ पॅरा स्पेशल फोर्सेस, ईशान्येतल्या कामगिरीसाठी २००३ साली सेना पदक, आणि शेवटी काश्मीरमधल्या कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. तिथल्या पोरांनी बंदुकीच्या वाटेला जाऊ नये म्हणून ते त्यांच्यात मिसळायचे, त्यांना दुसऱ्या वाटा दाखवायचे. मला त्यांच्या शौर्याइतकंच हे मोठं वाटतं. १७ नोव्हेंबर २०१५ला तिथल्याच मणिगाहच्या जंगलात दहशतवाद्यांचा शोध चालू होता. पलटणीचा मुख्य अधिकारी असूनही ते स्वतः पुढे होते. तिथेच गोळ्या लागल्या. वय अवघं अडतीस. पुढे मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं.

१९ तारखेला पोगरवाडीत अंत्यसंस्कार झाले तेव्हा अख्खा जिल्हा लोटला होता. मीही गेलो होतो. घोषणांनी डोंगर दणाणत होते, पण माझं लक्ष त्या घरच्या माणसांकडेच जात होतं. त्यांच्या पत्नी स्वातीताई तेव्हा शिक्षिका होत्या, पदरात दोन लहान मुलं. मीही सैन्यात जाणार, असं त्या बोलल्या. लोकांना वाटलं, दुःखाच्या भरात बोलल्या असतील. वयाची अट शिथिल झाली, परीक्षा आणि मुलाखतीचे टप्पे मात्र त्यांनी स्वतःच्या बळावर पार केले. चेन्नईच्या अकादमीत अकरा महिने विशीतल्या पोरींबरोबर पळून सप्टेंबर २०१७मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. तुमच्या ग्रुपमधल्या मुलींना हे मुद्दाम सांग.

आता तुमच्या तयारीचं. गाड्यांना तिरंगे बांधायचं कुणीतरी काढेलच. बांधू देऊ नकोस. वाहनावर राष्ट्रध्वज लावायचा मान ध्वजसंहितेनं मोजक्या पदांनाच दिलाय. शिवाय ऐंशीच्या वेगानं फडफडून तो फाटतो, चिखलानं माखतो. जवानाच्या शवपेटीवरचा तोच ध्वज अग्नी देण्याआधी काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती देतात. तो कसा वागवायचा, हे मग वेगळं सांगायला नको.

सायलेन्सर बदललेल्या गाड्या या राईडला नकोतच. गावाच्या अलीकडे गाड्या लावा आणि पुढचं अंतर चालत या. आपण दुखवट्याच्या घरी जातो तेव्हा दारात हॉर्न वाजवतो का? फोटो आधी विचारून काढा. ड्रोन तर नकोच नको. सरपंचांना आणि घरच्यांना आधी कळव. ते नको म्हणाले, तर वेशीवरूनच हात जोडून परत फिरा. त्यात कमीपणा नाही.

टी-शर्ट छापायचं तू म्हणालीस. माझं ऐकशील तर ते पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला द्या. ७ डिसेंबरचा ध्वजदिन जवळच असतो. वीरपत्नी, जखमी जवान, त्यांच्या मुलांची शिक्षणं, अशा कामांना तो निधी लागतो. जमलं तर दुपारी अपशिंगे मिलिटरी या गावालाही जा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं कामी आली. तिथल्या घराघरात अजून फौजेतली माणसं आहेत. त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलू द्या.

रस्त्याची काळजी मला फार आहे. कारखान्यांचा हंगाम चालू असतो, उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत परता. खंबाटकीच्या उतारावर कुणी कुणाला ओलांडायचं नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही. नवख्यांना मधे ठेव, सगळ्यात मागे जाणता माणूस ठेव.

जेवायला सगळ्यांनी आपल्याकडेच यायचं. पिठलं, भाकरी, ठेचा एवढाच बेत आहे. आकडा आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळव. भाकऱ्यांना शेजारच्या बायकांना सांगून ठेवावं लागेल, असं आई म्हणते.

तुझे
अण्णा