कास्ट हा शब्द पोर्तुगीज, पण जात आपलीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जातगणनेवरचा लेख वाचला. बाकी ठीक, पण ‘कास्ट’ हा शब्द इंग्रजांनी जनगणनेसाठी काढला आणि तिथूनच जात पक्की झाली असं जे छापलंय ते मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय.

हा शब्द मुळात पोर्तुगीजांचा, ‘कास्ता’. अर्थ वंश, कूळ, जनावरांच्या बाबतीत पैदास. पोर्तुगीज गोव्यात आले, इथले लोक कुणाबरोबर जेवतात, कुणाला मुलगी देतात ते बघितलं आणि आपला ओळखीचा शब्द चिकटवून टाकला. गार्सिया द ओर्ता म्हणून डॉक्टर होता, त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, त्यात तो झाडपाल्याबद्दल लिहिता लिहिता सांगून जातो की इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही आणि जोडे शिवणारे सगळे एकाच कास्तातले. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, गोव्यातल्या चर्चच्या परिषदेतही हाच शब्द येतो, वरच्या कास्तातले खालच्यांबरोबर खात-पीत नाहीत म्हणून. इंग्रजांची पहिली जनगणना १८७२ ची, म्हणजे मध्ये तीनशे वर्षं गेली!

आणि हा ओर्ता स्वतः धर्म बदललेल्या ज्यू घराण्यातला. पोर्तुगालमध्येही रक्त कुणाचं हे बघायचेच. तो वारल्यावर १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. हे वाचल्यापासून तो शब्द मला नुसता डिक्शनरीतला वाटत नाही.

पुढे इंग्रजांनी तो घेतला, वर्णालाही कास्ट आणि जातीलाही कास्ट म्हणायला लागले, तो घोळ आजही चालूच आहे. वर्ण चार, जाती हजारो, त्यात पोटजाती, आणि लग्न जमवताना घरात विचारतात ती जात, वर्ण कोण विचारतं? इंग्रजांनी याद्या केल्या, १९०१ ला जनगणना आयुक्त रिस्लेने तर जातींची वरखाली उतरंड लावायचा प्रयत्न केला, त्याने भांडणं वाढली हे मान्यच आहे.

पण शब्द बाहेरचा म्हणून जात बाहेरची, असं कसं म्हणता येईल? चोखोबा १३३८ साली गेले आणि वास्को द गामा आला १४९८ ला. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल ठेवू दिलं नाही तेव्हा इथे ना पोर्तुगीज होते ना इंग्रज. आपल्याच माणसांनी अडवलं. ते दार दलितांना उघडलं १९४७ मध्ये, तेही साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा.

आता जातगणना होणार म्हणजे तुमच्या पेपरात यावर रोज काही ना काही येणार. तेव्हा निदान हा खुलासा छापा, आणि इथून पुढे वर्ण असेल तिथे वर्ण, जात असेल तिथे जात असं स्पष्ट लिहा ही विनंती.

आपली एक नियमित वाचक,
सांगली