साइटवरचा माणूस वर्गात यायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी उद्योगातील अनुभवी व्यक्तींची व्याख्याने ठेवली जातात. परंतु ती विद्यार्थ्यांसाठी असतात की अहवालातील छायाचित्रासाठी, असा प्रश्न अनेकदा पडतो. इमारत बांधकामात छत्तीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातील तंत्रनिकेतनांत अशी व्याख्याने देतो, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

पहिल्या निमंत्रणात विषय होता ‘बांधकाम क्षेत्रातील संधी’. दीपप्रज्वलन, परिचय आणि सत्कार यांत पाऊण तास गेला आणि आभारप्रदर्शनापर्यंत मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. दोष मुलांचा नव्हता. त्या विषयावर माझ्याकडेही सांगण्यासारखे फारसे नव्हते. पुढच्या वर्षी एका प्राध्यापकांनी, वर्गात कॉलमच्या रिंगा (खांबातील उभ्या सळयांना वेढून बांधणारी लोखंडी कडी) शिकवून होतील त्याच आठवड्यात या, असे सुचवले. मी पिशवीतून दोन रिंगा नेल्या, एकीचा हुक, म्हणजे टोकाचे वळण, १३५ अंशांत वळवलेला, दुसरीचा ९० अंशांत. आयएस १३९२० या भूकंपविषयक मानकानुसार हुक १३५ अंशांचा हवा, हे बहुतेकांना पाठ होते. पण साइटवर सळया वळवून बांधणारा कारागीर, म्हणजे फिटर, तो ९० अंशांवरच का सोडतो, हे कोणालाही सांगता येईना. कॉलममध्ये सळया दाट असल्या की पुरती वळवलेली रिंग बसवणे जिकिरीचे होते, आणि फिटरची मजुरी बहुधा टनावर ठरते, हुकाच्या वळणावर नाही. भूकंपात बाहेरचे काँक्रीट निखळले की ९० अंशांचा हुक उघडतो आणि उभ्या सळया मोकळ्या पडून वाकतात, हे रिंग हातात धरून समजावल्यावर तासाची वेळ संपली तरी कोणी उठले नाही.

क्युरिंगचेही, म्हणजे काँक्रीट किती दिवस ओले ठेवायचे याचेही, तसेच. ‘सात दिवस’ हे उत्तर तोंडपाठ असते. मात्र आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात ही किमान मुदत साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी असून मिश्र सिमेंटसाठी ती दहा दिवस आहे, आणि आज साइटवर येणारी बरीचशी पोती पीपीसी या मिश्र सिमेंटची असतात, याची सांगड घालणारे कोणी भेटत नाही.

प्राध्यापकांना यातले कळत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रिंगांमधले अंतर किती ठेवावे, हे गणित फिटर मांडू शकत नाही, मलाही ते आता पुस्तक उघडल्याशिवाय जमत नाही. म्हणूनच पाहुणा आणि प्राध्यापक यांनी एकाच तासाला वर्गात असावे, एकाने काढलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने पूर्ण करावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नेमण्याची मुभा दिली आणि किमान पंधरा वर्षांचा अनुभव असल्यास औपचारिक पदवीचा आग्रह सोडला, हे स्वागतार्ह आहे. तथापि, त्यातही पसंती वरिष्ठ पदांवरील व्यक्तींनाच आहे. सेंट्रिंगचा (काँक्रीटच्या साच्यांचा) मुकादम, आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवर काँक्रीटचे नमुना-ठोकळे, म्हणजे क्यूब, तपासणारा तंत्रज्ञ किंवा तीस वर्षे सळया बांधणारा फिटर यांना बोलावण्याची वाट अजून कोणी काढलेली नाही.

ती वाट महाविद्यालयांनी आपल्या पातळीवर काढावी, अशी विनंती आहे. व्याख्यान अभ्यासक्रमातील त्या आठवड्याच्या घटकाशी जोडलेले असावे, त्यावरचा एखादा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला जावा, आणि काम बुडवून येणाऱ्या फिटरला शाल-श्रीफळाऐवजी त्या दिवसाचा रोज आणि प्रवासखर्च मिळावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त साइट इंजिनिअर, कराड